हाकेचं मशीन

सेनगावच्या स्टँडसमोर ज्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवत होते, तिथं चपला बाहेर काढायचा नियम होता. ती बाई चपला काढायची, पण हातात घेऊन आत यायची आणि कीबोर्डाशेजारी जोडीनं ठेवायची. बाहेर ठेवल्या तर कुत्रं उचलून नेतं, असं तिचं म्हणणं. चपला टायरच्या होत्या. सेनगावातलं कुठलंही कुत्रं त्यांना तोंड लावणार नाही हे मला दिसत होतं. तरी मी बोलले नाही. मी कुणाला भिऊन गप्प बसणारी नव्हे, पण ती खुर्चीत बसली की खुर्ची तिची व्हायची, टेबल तिचं व्हायचं, आणि आपण तिच्या घरी पाहुणे आल्यासारखे उभे राहायचो.

मी तिला मावशी म्हणायचे. नात्यानं ती माझी कोणी नव्हती. पुसेगावच्या रस्त्यावरून आत, ओढ्याच्या पलीकडं तिची वाडी होती. घरी मेंढरं. मी पुसेगावची. उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढरं बसवायची असली की आमचे बाबा तिलाच बोलवायचे, एवढीच ओळख. त्या दिवसांत ती आमच्या बांधावर बसून आईला सांगायची की तुमची पोरगी लई जोरात बोलते, हिला सासर कसं मिळणार. मी तेव्हा अकरावीत होते. मी जोरातच म्हणाले होते, मिळालं नाही तर नोकरी करीन.

आणि केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा बाबांनी रंगारी बोलावून दारावर माझं नाव डिग्रीसकट रंगवून घेतलं, आणि स्वतःचं त्याच्या खाली, बारीक अक्षरात. ते अजून तिथं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

क्लासात सकाळी पोरांना टायपिंग आणि विंडोज शिकवायचं, दुपारी मालक सांगतील ते काम. मोबाइलमध्ये गाणी वाजायला लागली त्याच्या जराशी आधीची ती वर्षं. पुण्याला कामाला गेलेली पोरं सणाला येताना गळ्यात चायनाचे एमपीथ्री प्लेअर अडकवून यायची. काडीपेटीएवढं मशीन, आत एक बारका सेल, दोन कानांत दोन वायरी. सण संपला की पोरं निघून जायची आणि मशीनं बिघडून आमच्या टेबलावर यायची. तक्रारी ठरलेल्या असायच्या. एका कानात ऐकू येत नाही. चालूच होत नाही. गाणी भरली पण दिसत नाहीत. कॉम्प्युटरला जोडलं तर कॉम्प्युटर ओळखच दाखवत नाही. मी माझी एक शिस्त लावून घेतली होती. आधी सेल पाहायचा, मग बटणं, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू काढायचे. या क्रमानं गेलं की बरीच मशीनं बोलायला लागतात. जी बोलत नाहीत ती सोडून द्यायची नाहीत.

मावशीची शिस्त वेगळी होती. तिच्या लेखी जगात जे काही बिघडतं ते जनावरासारखंच बिघडतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा मशीन पदरात गुंडाळलेलं होतं. मी हात पुढं केला तर म्हणाली, थांब, निजलंय. मग सांगितलं की ते दोन दिवसांपासून खाऊन-पिऊन नाही राहिलं. म्हणजे काय, तर नवा सेल घातला तो घेत नाही. तिनं त्याला ओव्याची धुरी दिली होती. सेल उन्हात शेकले होते. एक सेल दातानं चावूनही पाहिला होता, आणि तिचे दात असे पक्के की त्या सेलवर खुणा दिसत होत्या. मशीनच्या पाठीवरून हात फिरवून ताप नसल्याचं निदानही झालेलं.

मी मशीन पाहिलं. त्याच्या बाजूला एक सरकतं बटण असतं. खिशात चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून ते बाकीची सगळी बटणं बंद करून ठेवतं. ते सरकलेलं होतं. मी नखानं मागं सारलं आणि मशीन चालू झालं.

मावशी त्या बटणाकडं, म्हणजे अंदाजानं त्या बाजूला, बघत राहिली. "खुट्याला बांधेल होतं व्हय," ती म्हणाली. "मंग सांगायचं ना त्यानं."

मी विचारलं, कोणती गाणी भरू. तिनं तोंड असं केलं, जसं काही मी तिला पावडर लावून नाचायलाच सांगितलं होतं. मशीन तिच्या पोराचं होतं. तो पुण्याला टेम्पो चालवायचा आणि गाणी त्यानंच भरून ठेवली होती. तिला गाणी नको होती. त्या मशीनला बाहेरचा आवाज भरून घ्यायचीही सोय होती, आणि तिला त्यात मेंढरांची हाक भरायची होती.

ही हाक म्हणजे काय, ते सांगावं लागेल. संध्याकाळी मेंढरं माळावर पांगलेली असायची. मावशी वाडग्याच्या तोंडाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणाच्या दाराशी, उभी राहून हाक द्यायची. छातीत सुरू व्हायची, चढत जायची आणि शेवटी जिभेच्या टोकावर थरथरायची. मेंढरं माना वर करायची आणि आपणहून घराकडं वळायची. हीच हाक दुसऱ्या कुणी दिली तर ती मान वर करून परत गवतात घालायची. ज्यानं त्यांना हातानं चारलं-पाजलं, त्याचाच आवाज ती मानायची.

आता अडचण अशी की मावशीचा डावा डोळा गेलेला होता. मोतीबिंदू पिकून पिकून आतल्या आत फुटला, असं ती सांगायची, सीताफळाबद्दल सांगावं तसं. डॉक्टरांनी वेळेवर यायला सांगितलं होतं, पण मेंढरं कोण आणणार म्हणून ती गेली नाही. आता उजवाही पिकला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की थंडीतल्या ऑपरेशनच्या शिबिराला आली नाहीस तर हाही जाईल. तिथं राहायचं, आणि घरी आल्यावरही महिनाभर ओरडायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.

घरात सून होती. हट्ट्याकडची, अंगानं शेलाटी पण कामात कुणाला हार जाणारी नव्हे. कोकरांना बाटलीनं दूध पाजायची ती, खुरं साफ करायची ती, आणि मावशीची नजर अधू झाल्यापासून दिवसभर माळावर मेंढरांमागंही तीच. मी साहजिकच विचारलं की मग हाक तिनंच मारली तर काय बिघडतं.

मावशीला माझी कीव आली. एवढी शिकलेली, आणि एवढं कळत नाही. त्या वाडीत सासरकडची थोर माणसं ऐकण्याच्या अंतरावर असताना सुनेनं आवाज चढवायचा नाही, असा रिवाज होता. मावशीच्या चुलत दिराचा ओटा वाडग्याला लागूनच होता आणि तो दिवसभर त्या ओट्यावरच असायचा. सुनेचा तो चुलत सासरा. त्याच्यासमोर तिनं पाणी मागतानासुद्धा कुजबुजायचं, मग माळावर ऐकू जाईल अशी हाक कशी मारायची?

"मपला सासरा होता तवर मी डबा वाजवला," मावशी म्हणाली. "तो गेल्यावर पहिली हाक मारली, तर मपलाच आवाज मला वळखू येईना."

मग सुनेनंही डबा वाजवावा, असं मी म्हटलं. तर आत्ताच्या मेंढरांना डबा माहीत नाही, ती हाकेवर वाढलेली. मी तोंडावर सांगितलं की हा रिवाज चुकीचा आहे.

"आसंल चुकीचा. पण आमचा हाय," असं म्हणून तिनं मशीन माझ्यापुढं सरकवलं.

हाक भरायला आमचा अख्खा दिवस गेला. मावशीला वाटायचं मशीनच्या कानात ओरडायचं असतं. ती ते तोंडाशी धरून अशी हाक द्यायची की भरलेला आवाज फाटून नुसती खरखर ऐकू यायची. पहिल्या हाकेला समोरच्या जीपवाल्यानं आत डोकावून काय झालं म्हणून विचारलं, दुसऱ्या हाकेला मालकांनी माझ्याकडं पाहिलं. शेवटी मी तिला मागच्या मोकळ्या जागेत भिंतीशी उभं केलं आणि मशीन घेऊन स्वतः लांब जाऊन थांबले. हाक स्वच्छ आली. हाकेच्या पुढंमागं मावशीनं विचारलेलं "चालू झालं का गं?" पण आलं होतं, ते मी कॉम्प्युटरवर कापून टाकलं. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं एका तेलाच्या डब्यात स्पीकर बसवून दिला. मशीन त्याला जोडायचं, बटण दाबायचं, की डब्यातून मावशी ओरडणार. रिवाज जागच्या जागी आणि मेंढरं वाडग्यात.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सुनेनं बटण दाबलं, हाक वाजली, मेंढरं आली. निम्मी आत गेली, निम्मी दारात होती, तेवढ्यात हाक संपून पोरानं भरलेलं वरातीतलं गाणं सुरू झालं, ताशासकट. मेंढरं उधळली ती थेट चुलत दिराच्या हरभऱ्यात. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच जीपनं क्लासात आले आणि एकमेकांकडं पाठ करून बसले. दीर म्हणाला, मशीन फेकून द्या. मावशी म्हणाली, मशीन पिसाळलंय, पिसाळलेल्याला औषध असतं.

औषध सोपं होतं. मशीन गाणी उलटसुलट वाजवायच्या बटणावर गेलं होतं. मी सगळी गाणी पुसली, हाक तेवढी ठेवली आणि तीच पुन्हा पुन्हा वाजेल असं करून दिलं.

"म्हंजी आता त्याला दुसरं कायच येत न्हाई?" मावशीनं विचारलं.

"नाही."

ती दिराच्या दिशेनं वळून म्हणाली, "माणसाचं बी आसंच पायजे. एक काम, तेवढं बराबर."

ती तशीच होती. सुनेच्या माहेरच्या लग्नात हट्ट्याला गेली असताना, पानावर वरण वाढलेलं सोडून उठली, कारण वारा फिरला होता. वारा फिरला की मेंढरं शिंकतात, असं तिचं शास्त्र. मिळेल त्या गाडीनं घरी आली. मेंढरं शिंकत नव्हती. मग ती म्हणाली की मी आले म्हणून थांबली. ती कुणाशी वाद घालत नसे; तिचं म्हणणं आधीच ठरलेलं असे, आणि आपण त्यात कुठं बसतो ते आपण पाहायचं.

गाणी पुसल्यावर मशीन चांगलं चाललं, पण आठवड्यानं बंद पडलं. मी उघडलं तर सेल जिथं टेकतो त्या पत्र्यांवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली. खोडरबरानं घासली, चालू झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला वाटलं सेल गळतोय. चांगल्यातला सेल घातला, तरी तेच. मग वाटलं दव लागत असेल; रात्री घरात ठेवायला सांगितलं, तरी तेच. वायर जिथं खुपसतात त्या भोकात लोकरीचा मळ आणि तेलकटपणा असायचा, तो मी दर वेळी काडीला कापूस गुंडाळून काढायचे, पण त्यानं असं होत नाही. मावशी म्हणाली, त्याला खुरकूत झाली, डांबर लावून बघ. मी म्हटलं, डांबर लावलं तर याद राखा.

मला चैन पडेना. रविवारी मी वाडीवर गेले आणि मशीन दिवसभर कुठं असतं ते पाहत बसले. मावशीच्या कमरेला कापडी चंची होती. मेंढरांना चाटायला ती मिठाचे खडे त्यातच ठेवायची. मेंढरू जवळ आलं की खडा काढायचा, चाटून झाला की ओला तसाच परत आत. आणि मशीन त्याच चंचीत, मिठाच्या खड्यांना टेकून, कारण सगळ्यात जपायच्या वस्तू तिथंच राहायच्या.

मी ओरडलेच. मावशी शांत होती. "मेंढराला मीठ मानवतं," ती म्हणाली. "याला काहून न्हाई?"

मी तिला सांगितलं की ओलं मीठ लोखंडी खिळ्याला जसं खातं तसं यालाही खातं. त्याच दिवशी सुनेकडून वेगळी पिशवी शिवून घेतली आणि मशीन तिच्यात घालून सुनेच्याच ताब्यात दिलं. पण आत स्क्रू काढून पाहिलं तर बारीक रेषांसारखे तांब्याचे रस्ते असतात, त्यांतले काही काळे पडले होते. मी मावशीला खरं ते सांगितलं. हे आतून खाल्लं गेलंय, किती टिकेल सांगता येत नाही.

तिनं एवढंच विचारलं, "शिबिरापुरतं चालंल का?"

"चालवीन," मी म्हटलं.

माझ्या त्या एका शब्दावर ती डोळा कापून घ्यायला तयार झाली. भाचा तिला हिंगोलीला घेऊन गेला. जाताना तिनं सगळ्यांना, मलाही, बजावलं होतं की एक जरी मेंढरू चुकल्याचं कळलं तर मी असंन तिथून उठून येईन, पट्टी बांधलेली असली तरी सोडून येईन. कुणालाही ती धमकी वाटली नाही. ती येईलच हे सगळ्यांना माहीत होतं.

मी क्लास लवकर सोडून रोज वाडीच्या फाट्यावर उतरायचं ठरवलं. पहिल्या संध्याकाळी मशीन बिनतक्रार वाजलं. दुसऱ्या दिवशी तपासण्या होऊन तिचं ऑपरेशन तिसऱ्या सकाळी ठरलं, असा निरोप आला. त्या दुसऱ्या संध्याकाळी मी वाडीवर पोचले तर सून वाडग्याच्या दाराशी उभी, हातात मशीन, आणि चुलत सासरा ओटा सोडून खाली आलेला. मशीन मेलेलं होतं.

मी तिथंच मातीत बसले. सेल बदलला. पत्रे घासले. बटण बांधलेलं नाही ना ते पाहिलं. मागच्या बारक्या भोकात पिन घालून पाहिली, त्यानं अडकलेलं मशीन नव्यानं सुरू होतं. स्पीकरची वायर काढून कानातली वायर लावून पाहिली, म्हणजे स्पीकरचा दोष असेल तर कळेल. स्क्रू काढले. आतला मुख्य रस्ता मधोमध तुटून गेला होता. माझ्याकडं ना कथिल वितळवून डाक लावायचं सामान होतं, ना वेळ. सूर्य माळाच्या कडेला टेकत होता आणि मेंढरं, कुणी बोलावत नाही म्हणून, चरत चरत ओढ्याकडं उतरायला लागली होती, एवढी पांगून की धावत जाऊन वळवेपर्यंत अंधार झाला असता. ओढ्यात झुडपं होती आणि झुडपांत लांडगे. मागच्या थंडीत त्यांनी तिथूनच कोकरू उचललेलं.

"मी वैनीला फोन लावतो," चुलत सासरा म्हणाला.

मी म्हटलं, उद्या सकाळी ऑपरेशन आहे, तिला काही सांगू नका. तो वाईट माणूस नव्हता. तो तिला घाबरत होता. मेंढरं गेली आणि मला कळवलं काहून न्हाई म्हणून तिनं विचारलं तर तो काय उत्तर देणार होता? वाडीत फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. तो खिशातून फोन काढत तिकडं निघाला.

मी उठले आणि माळाकडं तोंड करून हाक मारली. वर्गात मागच्या बाकावर ऐकू जाणारा माझा आवाज. मेंढरांनी माना वर केल्या, माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली घातल्या. मी दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांनी मानाही वर केल्या नाहीत.

मी सुनेकडं वळले. रिवाजाबद्दल मला जे वाटत होतं ते मी तिला ऐकवलं नाही. ती वेळ नव्हती. मी एवढंच म्हटलं, "फोन लागला की मावशी उठून येतील. डोळा जाईल."

तिनं टाकीकडं पाहिलं. चुलत सासरा पाठमोरा उभा होता, फोन उंच धरून. तिनं माळाकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत, म्हणजे चेहरा कुणाला दिसू नये. मशीन माझ्या हातून घेऊन छातीशी धरलं. आणि त्या पदराच्या आतून हाक दिली.

पहिली मध्येच मोडली. दुसरी गेली. ती सासूसारखी नव्हती. उंच होती, बारीक होती, आणि शेवटी थरथरायच्या ऐवजी तिच्यात तो पुटपुटता सूर होता जो ती कोकरांना बाटली लावताना काढायची. ओढ्याच्या काठाशी पोचलेली मेंढी थांबली. सुनेनं तिसरी हाक दिली ती पार माळ ओलांडून गेली. एवढा आवाज त्या शेलाट्या अंगात कुठं ठेवला होता तिनं? मेंढरं वळली. चालत नाही, पळत आली, आणि तिच्या भोवती गर्दी करून वाडग्यात शिरली. ओढ्यात गेलेली दोन कोकरंही धापा टाकत मागून आली.

चुलत सासरा टाकीकडून धावत आला. "कोण वरडलं?"

सून खाली मान घालून उभी होती. पदर होता तिथंच.

"मशीन," मी म्हटलं. "दुरुस्त झालं."

"हा आवाज वैनीचा न्हाई."

"आतला भाग बदलला. नवीन भागानं आवाज बारीक होतो."

मी बीएस्सी होते, दारावर रंगवलेली बीएस्सी, आणि वाडीत माझ्या शब्दाला वजन होतं. असलं वजन असतं कशासाठी? त्यानं वाडग्याकडं पाहिलं, मेंढरं पुरी आहेत का ते नजरेनं मोजून घेतलं, सुनेच्या हातातल्या मशीनकडं पाहिलं. मी विचारलं, फोन लागला का. तो म्हणाला, वाजून राहिला होता, हाक ऐकली तसा कट केला. आणि फोन खिशात घातला.

सकाळी मावशीचं ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

ती क्लासात आली ती महिना उलटून गेल्यावर, काळा चष्मा लावून. दारातूनच चष्मा वर करून तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू आजून एवढीशीच हायस व्हय गं. आवाजावरून मला वाटलं, आता चांगली दणकट झाली आसशीन."

मी तिला बसवलं. मेलेलं मशीन मी त्या संध्याकाळीच क्लासात आणून ठेवलं होतं. ते टेबलावर मांडलं आणि झालं ते सगळं सरळ सांगितलं, सुनेनं हाक मारली तेही. रागावली तर रागावली. मी चालवीन म्हटलं होतं आणि मशीन चाललं नव्हतं, तेही सांगितलं.

तिला सगळं माहीत होतं. घरी आली त्या संध्याकाळी भाच्याची जीप ओढ्यात असतानाच तिनं ती हाक ऐकली होती. जीप थांबवायला लावून तिनं ती पुरी ऐकून घेतली. घरी जाऊन सुनेला एका शब्दानं बोलली नाही. पण चुलत दीर काळजीत होता. तो तिला सांगत होता की वैनी, हे मशीन आता सकाळीबी वाजतं, दुपारीबी वाजतं, आणि काल तर त्यानं एका बोकडाला शिवी दिली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, नव्या मशीनला येतेत शिव्या."

मला हसू आवरेना. ती हसली नाही. मी विचारलं, आणि तुमचा रिवाज?

"रिवाजाला काय झालं? सून कुठं बोलली? मशीन बोललं." हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्यावर पुढं काही विचारण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, हे दुरुस्त होणार नाही आता, पण पोराला सांगा, पुण्याहून दुसरं आणेल, मी त्यात हाक भरून देते.

तिनं मान हलवली. मशीन उचललं, नव्या डोळ्याजवळ धरलं आणि चारी बाजूंनी निरखलं. एवढ्या दिवसांत तिनं ते पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग एका कोपऱ्यातल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिव्यावर बोट ठेवलं.

"आवाज नको," ती म्हणाली. "हा दिवा तेवढा लागाय पायजे. सुनेच्या गळ्यात अडकवायचंय. भाऊजीला ओट्यावरून दिसला पायजे."

मी दुपारचा वर्ग पुढं ढकलला. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाक लावायची कांडी मागून आणली. दिवा आणि बटण सोडून मशीनच्या आतलं सगळं काढून टाकलं. त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मूळच्या सेलाचा जोर आतला बोर्ड वाढवून द्यायचा; तो काढल्यावर नुसत्या त्या सेलावर दिवा लागत नव्हता. एका जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून तिथं बसवला आणि दोन बारीक तारा दिव्यापर्यंत ओढल्या. पहिल्यांदा तारा उलट्या लागल्या. काढल्या, बदलल्या. दुसऱ्यांदा डाक सुटला. मावशी समोर बसून एकेक गोष्ट पाहत होती, आणि जे जे दिसत होतं त्याबद्दल मला सूचना देत होती. झाकण लावलं, बटण सरकवलं. दिवा लागला, लाल, दारातूनही दिसेल असा.

मावशीनं मशीन कानाशी नेलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मी विचारलं, काही ऐकू येतं का.

"न्हाई," ती म्हणाली. "आता बराबर झालं."